पित्ताच्या पुडीआधी आमाशयाचा विचार

जुळे सोलापुरातील आमच्या चिकित्सालयाचे दार सकाळी उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत एक वाक्य किती वेळा कानी पडते, याची मोजदाद आम्ही केव्हाच सोडून दिली आहे. "डॉक्टर, पित्ताचं काहीतरी द्या की!" कोणाच्या छातीत जळजळते, कोणाला आंबट ढेकर येतात, कोणाचे डोके दुखते, कोणाच्या अंगावर गांधी उठतात, तर कोणाचे पोट दोन घासांतच दगडासारखे जड होते. रुग्णाच्या लेखी या सर्वांचे नाव एकच, ‘पित्त’.

रुग्णाने असे म्हणण्यात त्याचा काहीच दोष नाही. व्याधीचे नाव ठरविणे हे त्याचे काम नव्हे. परंतु वैद्यानेही तेवढेच ऐकून पुडी बांधली आणि औषधी-विक्रेत्या बंधूंनी तेवढेच ऐकून डबी पुढे सरकविली, तर त्या व्यवहारात आयुर्वेद कोठे उरला? या लेखाद्वारे आम्ही एकच गोष्ट आग्रहाने मांडू इच्छितो. तक्रार पित्ताची असली तरी ती ज्या अवयवातून येते, त्या आमाशयाची रचना व क्रिया डोळ्यांपुढे आणल्याविना पित्ताचे एकही औषध आपल्या हातून जाऊ नये. हे आम्ही कोणास शिकविण्याच्या अधिकाराने लिहीत नाही. स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे लिहीत आहोत.

एका चुकीची कबुली

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातील गोष्ट. साठी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. उमेदीची वर्षे कापडगिरणीत गेलेली. गिरणी बंद पडल्यावर ते एका इमारतीवर रात्रीची राखण करीत असत. दोन-तीन महिन्यांपासून छातीखाली जळजळ, आंबट ढेकर आणि मंद भूक अशी त्यांची तक्रार होती. दुकानातून अविपत्तिकर चूर्ण आणून ते रोज घेत होते. चार दिवस बरे वाटे, पुन्हा मूळपदावर. आम्ही नाडी पाहिली, जिव्हा पाहिली. जिव्हा आणि नेत्र पांडुर दिसले. आहार विचारला, मध्यरात्रीनंतर डब्यातील गार भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दोन-तीन वेळा चहा. निदान सोपे वाटले. अम्लपित्तासाठी कामदुधा, पांडुत्वासाठी मंडुराचा कल्प आणि वेळेवर जेवण्याचा उपदेश देऊन आम्ही त्यांना घरी पाठविले.

आठवड्याने ते म्हणाले, "डॉक्टर, शौचाला काळं होतंय." आम्ही निश्चिंतपणे उत्तर दिले, "काका, लोहाचं औषध आहे, काळं होणारच."

त्यानंतर दहाव्या दिवशी घरी पाण्याचे पिंप भरता भरता त्यांना भोवळ आली. रुग्णालयात नेल्यावर शरीरातील रक्त फारच कमी झाल्याचे आढळले. एन्डोस्कोपी केली तेव्हा आमाशयाच्या निर्गमाजवळ व्रण दिसला आणि त्यातून रक्त झिरपत होते. रक्त चढवावे लागले. व्रणाचा तुकडा तपासला असता सुदैवाने कर्करोग आढळला नाही; हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू मात्र सापडला. गुडघेदुखीसाठी ते वर्षभर वेदनाशामक गोळ्या घेत होते, हेही तेथील डॉक्टरांनी विचारल्यावर उघड झाले.

महिन्याभराने ते आमच्याकडे आले. रागावलेले नव्हते. उलट "गोळ्यांचं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं," असे म्हणाले. त्यांच्याकडून काही राहिले नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते.

पोटातील ही थैली

त्या रात्री आम्ही महाविद्यालयातील शारीराची आणि क्रियाशारीराची जुनी पुस्तके काढून बसलो. परीक्षेपुरते पाठ केलेले आमाशय त्या दिवशी प्रथमच एका माणसाचे आमाशय म्हणून वाचले.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात आमाशयाचे स्थान नाभी आणि स्तन यांच्यामध्ये सांगितले आहे. आज आपण जाणतो की अन्ननलिका उरोदर-पटल ओलांडून ज्या थैलीत उघडते ती बहुतांशी डाव्या बरगड्यांच्या आड असते. तिचा वरचा घुमट, मधला विस्तृत भाग, खालचा निमुळता भाग आणि शेवटी जठरनिर्गमाचे वर्तुळाकार दार, असे तिचे चार विभाग. रिकामी असताना तीत शंभर मिलिलिटरदेखील मावत नाही. भोजनसमयी मात्र ती सैलावते आणि लिटर-दीड लिटर अन्नपान सामावून घेते. हे सैलावणे आपोआप घडत नाही. घास गिळताच नाड्यांच्या आज्ञेने वरचा भाग शिथिल होतो. ज्यांचा हा भाग नीट शिथिल होत नाही त्यांना दोन घासांतच पोट गच्च वाटते. अशा रुग्णाच्या पोटात आम्ल वाढलेले असेलच असे नाही, तरीही त्याला आपण पित्तशामकच देत राहतो.

थैलीच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर आहेत: उभा, आडवा आणि तिरका. मिनिटाला सुमारे तीन या गतीने तीत लाटा उठतात. खालचा भाग अन्न घुसळतो, दाराकडे ढकलतो आणि दार अरुंद असल्याने ते पुन्हा मागे येते. घन अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरइतके बारीक झाल्यावरच दारातून पलीकडे ग्रहणीकडे सोडले जातात. द्रव लवकर पुढे जातो, घन मागाहून, आणि स्नेहयुक्त अन्न सर्वांत उशिरा. मध्यरात्री खाल्लेली शेंगाची चटणी पहाटेपर्यंत वर का येते, याचे उत्तर तिखटाइतकेच शेंगदाण्याच्या तेलातही आहे. भाकरी-चटणी हे आपल्या सोलापूरकरांचे अन्न आहे; त्याची निंदा करण्याचे कारण नाही. तेच अन्न दिवसा, श्रमानंतर, ताकाबरोबर खाल्ले तर सुखाने जिरते. रात्री उशिरा खाऊन लगेच आडवे झाल्यावर तेच छातीशी येते.

आता अंतस्त्वचेकडे वळू. येथे निरनिराळ्या पेशी निरनिराळी कामे करतात. काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात. त्याच पेशी ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणास अत्यावश्यक असा एक घटकही तयार करतात. दुसऱ्या पेशी पेप्सिनचे निष्क्रिय पूर्वरूप सोडतात आणि आम्लाच्या सान्निध्यात ते सक्रिय होऊन प्रथिनांचे विघटन सुरू करते. तिसऱ्या पेशी बुळबुळीत श्लेष्म आणि क्षारीय द्रव यांचा पातळ लेप भिंतीवर पसरवितात. दिवसाकाठी सुमारे दोन लिटर जठररस पाझरतो. भिंतीचा पृष्ठस्तर काही दिवसांतच नवा होतो. अशा प्रखर रसाने मांस पचते, पण मांसाचीच असलेली ही थैली पचत नाही, याचे श्रेय त्या पातळ लेपास आणि त्याखालील अखंड रक्तपुरवठ्यास आहे.

आमच्या रुग्णाची कथा येथेच उलगडते. त्यांच्या वेदनाशामक गोळ्यांनी गुडघ्यातील शोथ दाबला, त्याचबरोबर आमाशयाचा लेप आणि रक्तपुरवठा राखणारी द्रव्येही शरीरात निर्माण होऊ दिली नाहीत. जीवाणूने भिंत आधीच दुबळी केली होती. आम्ल वाढले होते की नव्हते हा प्रश्नच गौण होता. संरक्षण घटले होते. आम्ही ज्याला पित्तवृद्धी समजलो ते बरेचसे कफाच्या रक्षणकर्माचे वैगुण्य होते.

ग्रंथ काय सांगतात

येथे एक सावधगिरी हवी. क्लेदक कफ म्हणजे श्लेष्म, पाचक पित्त म्हणजे जठररस, समान वायू म्हणजे नाडीसंस्था, असे एकास एक जोडून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. दोष हे क्रियेच्या अंगाने केलेले वर्गीकरण आहे. पेशी ही रचना आहे. वाग्भटाचार्यांचा क्लेदक आमाशयात राहून अन्नसंघात ओला करून मोडतो, त्यात लाळ, श्लेष्म आणि द्रव या सर्वांचे कार्य येते. पण एकास एक जोडू नये याचा अर्थ एकाकडे पाठ फिरवावी असा होत नाही. दोन्ही नकाशे एकाच गावाचे आहेत.

आपल्या आचार्यांनी डोळे उघडे ठेवूनच लिहिले. आहाराच्या मात्रेचा विचार करताना चरकांनी कुक्षीचे तीन भाग कल्पिले: एक घनासाठी, एक द्रवासाठी, एक दोषांच्या संचारासाठी. थैलीला घुसळण्यास मोकळी जागा हवी, हे त्यामागील मर्म आहे. योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय व क्रोध यांमुळे जिरत नाही, हेही त्याच अध्यायात आहे. अमेरिकेत १८२२ साली अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणास बंदुकीची गोळी लागून त्याच्या जठरास कायमचे छिद्र राहिले आणि विल्यम बोमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाने त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचनक्रिया न्याहाळली. १८३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात मन क्षुब्ध झाले असता जठराची अंतस्त्वचा आणि तिचा स्राव बदलत असल्याची निरीक्षणे आहेत. चरकांनी रुग्णाशी बोलून जे जाणले, ते बोमाँटने छिद्रातून पाहिले.

माधवकरांनी अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे भेद करून ऊर्ध्वगाच्या वांतीचे वर्ण सांगताना काळा आणि तांबडा हेही वर्ण नोंदविले आहेत. अन्न जिरताना उठणारा परिणामशूल आणि खाण्या-न खाण्याशी, पथ्या-अपथ्याशी संबंध न ठेवणारा अन्नद्रवशूल यांत त्यांनी भेद केला. व्याधी नवा असता प्रयत्नाने साधतो, जुना झाल्यास याप्य होतो, असेही बजावले. म्हणजे केव्हा दुखते, काय पडते, कोणत्या वर्णाचे पडते आणि किती दिवसांचे आहे, हे चार प्रश्न ग्रंथातच आहेत. आम्ही त्या दिवशी त्यांतील एकही धड विचारला नव्हता. शास्त्र अपुरे नव्हते, वैद्य अपुरा पडला.

आम्ल हा शत्रू नव्हे

आजकाल आम्ल दाबणाऱ्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या आहेत. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल ही द्रव्ये आम्ल स्रवणाऱ्या पेशींमधील पंपच रोखतात. व्रणात आणि रक्तस्रावात ती प्राण वाचवितात. आमच्या रुग्णालाही त्यांचा उपयोग झाला. तेव्हा त्यांची सरसकट निंदा आम्हांस मान्य नाही. परंतु कारणाविना वर्षानुवर्षे ती घेत राहणे वेगळे. अन्नातील जीवाणू मारणे, लोह विरघळविणे, अन्नातून ब-१२ सुटे करणे ही आम्लाची कामे आहेत. आपल्याकडे शाकाहारी कुटुंबांत ब-१२ मुळातच कमी मिळते. त्यात आम्ल दडपले तर कमतरता वाढण्याचा धोका असतो. शिवाय दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबविली तर काही दिवस आम्ल उसळून येते आणि रुग्णास वाटते की गोळीवाचून आपले चालतच नाही. म्हणून "उद्यापासून ती बंद, आमचे सुरू" असे सांगण्याची घाई वैद्याने करू नये. गोळी कोणी व कशासाठी दिली हे विचारून, आवश्यक तेथे त्या डॉक्टरांशी बोलून, ती क्रमाने कमी करावी.

हाच न्याय आपण आपल्या कल्पांनाही लावला पाहिजे. भैषज्यरत्नावलीतील अविपत्तिकर चूर्णाचा पाठ पाहा. त्रिकटू, त्रिफळा, नागरमोथा, बिडलवण, वावडिंग, वेलदोडा आणि तमालपत्र ही अकरा द्रव्ये एकेक भाग. लवंग अकरा भाग. या सर्वांच्या दुप्पट म्हणजे ४४ भाग निशोत्तर. आणि एकूण जितके होईल तितकी, म्हणजे ६६ भाग साखर. थोडक्यात, चूर्णाचा निम्मा भाग साखर आणि तिसरा हिस्सा रेचक. पित्ताच्या अधोगमनासाठी, योग्य रुग्णात, ठरावीक काळ वापरण्याचा हा कल्प आहे. तो मधुमेही वृद्धास सहा महिने रोज रात्री कोणत्या तत्त्वाने द्यावयाचा? ज्येष्ठमधाचेही तसेच. त्यातील द्रव्यापासून बनविलेले कार्बेनॉक्सोलोन हे औषध एकेकाळी पाश्चात्त्य वैद्यक जठरव्रणासाठी वापरीत असे. अंगात मीठ-पाणी साठून रक्तदाब वाढणे आणि पोटॅशियम घटणे हे त्याचे दोष होते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास ज्येष्ठमध मोठ्या मात्रेत दीर्घकाळ देताना हे स्मरणात ठेवावे. शंख, कपर्दिक, प्रवाळ ही कॅल्शियमयुक्त भस्मे आम्ल शमवून तात्काळ आराम देतात. तो आराम खरा असतो, पण व्रण भरल्याची ती खूण नव्हे. कामदुधाने आमच्या रुग्णाची जळजळ कमी झाली होती. रक्त झिरपतच होते.

जीवाणूचा प्रश्न

ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली हेलिकोबॅक्टर पायलोरी उजेडात आणला. आम्लात काही जगूच शकत नाही, या समजुतीने त्यांची प्रारंभी उपेक्षा झाली. मार्शल यांनी तो जीवाणू स्वतः प्राशन करून आपल्याच जठरात दाह उत्पन्न होतो हे दाखविले. २००५ साली उभयतांना नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच या जीवाणूस मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत गणले आहे. भारतात तो अतिशय व्यापक आहे, तरी तो असलेल्या प्रत्येकास व्रण होतो असे नाही. येथे कोणी म्हणेल, "मग क्षेत्राचा विचार आला, अग्नीचा विचार आला." तो आलाच आणि तो आपला आहे. पण सिद्ध झालेल्या व्रणात जीवाणू आढळला, तर त्याचे निर्मूलन प्रतिजैविकांनी करून घ्यावे आणि पुढे अग्नी, आहार व विहार आपण सांभाळावेत, हे आमचे स्पष्ट मत आहे. काही वैद्यबंधूंना यात कमीपणा वाटतो. आम्हांस कमीपणा त्या काळ्या मलाच्या उत्तरात वाटला.

पुडीपूर्वीचे प्रश्न

तेव्हापासून आमच्या केसपेपरवर पित्ताच्या रुग्णासाठी काही प्रश्न ठरलेले आहेत. वेदनाशामक, रक्त पातळ ठेवणारी किंवा अन्य कोणती गोळी चालू आहे काय? तंबाखू, मिश्री, मद्य? वजन घटले काय? घास अडकतो काय? वारंवार वांती होते काय, तिचा वर्ण कोणता? मल डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधी आहे काय? लोहकल्पाने होणारा मल काळसर वा हिरवट, पण बांधलेला असतो. संशय असल्यास मलातील रक्ताची तपासणी अल्प खर्चात होते. पांडुत्व आहे काय, आणि असल्यास रक्त जाते कोठे? तक्रार पन्नाशीच्या सुमारास वा नंतर प्रथमच उद्भवली काय? घरात कोणास जठराचा कर्करोग झाला होता काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ही जळजळ जिना चढताना वाढते काय, घाम येतो काय, जबड्यात वा डाव्या हातात कळ जाते काय? हृदयविकाराचा झटका पित्ताच्या वेषात येतो. त्यास चूर्ण देऊन घरी पाठविणे म्हणजे मृत्यूस वाट मोकळी करणे होय.

यांपैकी धोक्याचे एकही लक्षण असल्यास रुग्णास त्याच दिवशी पुढील तपासणीस धाडावे. हृदयविकाराचा संशय वा रक्तस्राव असल्यास क्षणाचाही विलंब नको. एन्डोस्कोपीची चिठ्ठी लिहिणे हा आयुर्वेदाचा पराभव नाही. प्रत्यक्ष हे प्रमाण आपल्याच शास्त्राने मानलेले आहे.

औषधी-विक्रेते आणि फार्मसीचालक बंधूंस आमची विनंती निराळी आहे. आपल्या गल्ल्यावर येणारा ग्राहक बहुधा वैद्याकडे न जाता आलेला असतो. त्यास किमान तीन प्रश्न विचारावेत: किती दिवसांपासून, दुसरी कोणती गोळी चालू आहे, आणि शौचास काळे होते काय. एकच माणूस तिसऱ्या महिन्यात तीच डबी मागू लागला तर ती देण्याआधी वैद्याकडे जाण्यास सांगावे. निर्मात्यांनी अम्लपित्ताच्या कल्पांच्या वेष्टनावर साखरेचे प्रमाण ठळक छापावे आणि "दोन आठवड्यांत आराम न पडल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा" ही ओळ ग्राहकास वाचता येईल अशा मराठीत घालावी. यात चार डब्या कमी खपतील हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या चूर्णावर विसंबून कोणाचा व्रण फुटला, तर त्या घरात पुढील पिढीपर्यंत आयुर्वेदाचे नाव कोणी काढणार नाही.

संघटनेच्या आगामी बैठकीत एक संध्याकाळ केवळ आमाशयासाठी राखून ठेवावी आणि शारीराचे अध्यापक, जठरविकारतज्ज्ञ व औषधी-निर्माते यांना एकत्र बसवावे, अशी सूचना आम्ही या निमित्ताने करीत आहोत. आमचे ते राखणदार काका आजही संधिवातासाठी आमच्याकडे येतात. आता बाकावर बसतानाच ते खिशातील सगळ्या गोळ्या टेबलावर मांडतात आणि म्हणतात, "आधी ह्या बघा, मग पुडी बांधा."

इत्यलम्.